बिनखताचा तुकडा

साहेबांना न पाहिलेली गोष्ट खरी वाटत नसे. कोणी येऊन सांगितलं की रेल्वे फाटकापाशी नवीन कृषी केंद्र उघडलंय, तर ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पाह्यलं काय?" सांगणारा म्हणे, "नाही, ऐकलं." मग साहेब तो विषय तिथंच सोडून देत. बाहेर पाऊस लागलाय असं शिपायानं सांगितलं तरी स्वतः गॅलरीत जाऊन हात पुढे करून बघत. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पेढा चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "पोरीले पाह्यलं काय नीट? का निस्ते पोहे खाऊन आला?" मी निस्ते पोहे खाऊन आलो होतो, पण तसं बोललो नाही.

अकोल्याच्या एका खत कंपनीत मी हिशेबनीस होतो आणि साहेब विक्री खात्याचे प्रमुख. पुढे कंपनी खताची राहिली नाही, विक्री खातंही राहिलं नाही. साहेब मात्र राहिले, आणि त्यांच्यासोबत मी राहिलो. मी अमरावतीचा, रोज बडनेऱ्याहून पॅसेंजरनं ये-जा करणारा. साहेबांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मन प्रसन्न असलं की "काहो अमरावती" म्हणत, आणि काही बिनसलं की "ओ बडनेरा." गावाच्या नावावरून मला त्या दिवशीचं हवामान कळायचं. साहेब आता नाहीत, पण बडनेरा स्टेशनवर उद्घोषणा झाली की अजूनही माझ्या हातून काहीतरी चुकलंय असं वाटतं.

अंगानं शिडशिडीत, राखाडी सफारी, पायात चामडी सॅंडल. सफारीच्या खिशात दुसरे लोक डायरी ठेवतात, साहेबांच्या खिशात मातीचं ढेकूळ असे, नाहीतर चार सरक्या. त्यांचा धोबी कपडे भिजवण्याआधी खिसे झटकत असे आणि निघालेली माती दुकानाच्या दारातल्या तुळशीला घालत असे. ती तुळस फार जोरात होती. साहेब बसनं किंवा रेल्वेनं जाताना खिडकीसाठी भांडत, तेही वयाला न शोभेल असं. जागा मिळाली की दोन्ही बाजूंच्या वावरांना मोठ्यानं शेरे देत. "हे बरं हाये. हे झोपलं. याचा मालक पुण्याले असन." शेजारच्या प्रवाशांना वाटे, म्हातारा पीकविम्याचा अधिकारी आहे. काही जण आपली तक्रार सांगू लागत, आणि साहेब ती ऐकूनही घेत.

कंपनी सुरू केली ती मोठ्या मालकांनी. आधी हाडांची भुकटी, मग सुपर फॉस्फेट, मग मिश्र खतं. कारखाना मूर्तिजापूर रोडवर होता आणि वारा फिरला की त्याचा आंबूस वास पार गावात यायचा. अकोल्याच्या बायका वाळत घातलेले कपडे उचलायच्या आणि मालकांच्या नावानं बोटं मोडायच्या. मोठ्या मालकांना एक सवय होती. हंगाम संपला की उरलेल्या पैशातून ते दुसऱ्यांच्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवत. थोडे सिमेंटचे, थोडे सुताचे, थोडे औषधांचे, थोडे बँकांचे. त्या शेअरांचा जो लाभांश येई तो आम्ही ताळेबंदात अगदी खाली, "इतर उत्पन्न" या नावाखाली दाखवत असू. पोरांनी आवळे विकून खाऊचे पैसे जमवावेत तसा त्या रकान्याचा मान होता.

एका वर्षी मी बेरीज केली तेव्हा "इतर" खतापेक्षा मोठं निघालं. मला वाटलं, चूक झाली. पुन्हा केली, तीच आली. कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून पाहिला.

"म्हंजे आपण खत कायले करून राह्यलो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "विकायला, साहेब."

"हो," ते म्हणाले, "पण कायले?"

हाच प्रश्न काही काळानं मुंबईलाही पडला. मोठे मालक थकले होते आणि त्यांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकटे मालक म्हणत असू, ते मुंबईत राहत. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. कारखाना बंद झाला. यंत्रं भंगारात गेली, कामगार आपापला हिशेब घेऊन गेले. कंपनीच्या नावातलं खत निघालं आणि तिथं "होल्डिंग्ज" आलं. त्यानंतर आम्ही काहीच बनवत नव्हतो. बनवणारे दुसरे, आणि आम्ही त्या सगळ्यांचे थोडे थोडे मालक. अकोल्यात उरल्या कापड बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक गॅलरी, एक संगणक, एक शिपाई आणि आम्ही दोघं. मोठ्या मालकांनी डोळे मिटण्यापूर्वी साहेबांना डायरेक्टर करून ठेवलं होतं. महत्त्वाच्या कागदावर एक सही मुंबईची आणि एक अकोल्याची, असा त्यांचा दंडक होता. धाकट्या मालकांनी तो मोडला नाही, कारण मोडायलाही साहेबांची सही लागली असती.

कंपनी आता काय करते हे साहेबांना समजावून सांगायला मुंबईहून एक सूटबूटवाला आला होता. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "समजलं. वावर बटईनं देलं." बटई म्हणजे जमीन आपली, कसणारा दुसरा, पिकात आपला वाटा. सूटबूटवाल्यानं शब्द ऐकला नव्हता, तरी मान हलवली. साहेब पुढे म्हणाले, "बटईनं देलं म्हून मालकानं वावर पाह्याले जाऊ नाही, असं काही हाये काय?" त्यानं पुन्हा मान हलवली, आणि तिथं आमचं नशीब ठरलं.

त्यानंतर साहेब आपली वावरं पाहायला निघू लागले. ज्या ज्या कंपनीचे शेअर आमच्याकडे होते, तिथं तिथं. सोबत मी. सूतगिरणीच्या शेअरांसाठी आम्ही नांदगाव पेठेला गेलो. गेटवरचा गार्ड आत सोडायला तयार नव्हता. कोणाला भेटायचंय, या प्रश्नाला "कोणालेच नाई, पाह्याचं हाये" हे उत्तर त्याच्या वहीत बसत नव्हतं. साहेबांनी हट्ट केला नाही. पिशवीतून वरूडची संत्री काढली, एक गार्डला दिलं, एक मला आणि एक स्वतः सोलत कुंपणाच्या कडेनं चालू लागले. आवारातल्या कडुनिंबाला आळं केलेलं आहे का, हे त्यांनी पाहिलं. पाळी सुटली तेव्हा समोरच्या टपरीवर बसून बाहेर येणाऱ्यांची तोंडं पाहिली. मग मुंबईला फोन लावला. "झाडाले पानी हाये. मानसं हसून राह्यले. ठेवा."

धाकट्या मालकांनी शेअर ठेवले. ते तसेही ठेवणारच होते.

आता मी असं लिहायला हवं की साहेबांचा अंदाज कधी चुकला नाही. तसं काही नव्हतं. पुण्यातल्या एका कंपनीचे थोडे शेअर मोठ्या मालकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतले होते. आम्ही तिथं गेलो, तर नुसती काचेची इमारत. गेटवर झाड नाही, टपरी नाही, आतून मशीनचा आवाज नाही. पोरंपोरी गळ्यात पट्टे घालून लिफ्टनं वर जात होती आणि लिफ्टनं खाली येत होती. साहेब दुपारपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. "अमरावती, इथं काहीच पिकून नाई राह्यलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आग्रहावरून ते शेअर विकले गेले. पुढे त्या कंपनीचा भाव कुठल्या कुठे गेला. धाकटे मालक दर वर्षी न चुकता साहेबांना त्याची आठवण करून देत. साहेब दर वर्षी तेच म्हणत, "असन. मले तं काही दिसलं नाई."

या सगळ्याच्या मुळाशी एक जमिनीचा तुकडा होता, त्याबद्दल सांगायला हवं.

कारखान्याच्या मागे काळ्या मातीचा एक पट्टा होता. आम्ही त्याला प्लॉट म्हणत असू. मधोमध धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याच्या अलीकडे आमचं खत घालून पीक घ्यायचं, पलीकडे तेच बी, तीच पेरणी, पण खत नाही. हंगामात गावोगावचे शेतकरी आणि दुकानदार बोलावून दोन्ही बाजू दाखवायच्या आणि मग जेवण. ही सगळी साहेबांची कल्पना. दुसऱ्या कंपन्याही असे प्लॉट करत, पण त्यांचे लोक बिनखताच्या बाजूला बी विरळ टाकत, निंदण उशिरा करत, म्हणजे ती बाजू आपोआप केविलवाणी दिसे. साहेबांना हे खपत नसे. ते म्हणत, "उपाशी ठेवाचं म्हंजे उपाशी ठेवाचं. माराचं नाई."

प्लॉटवर हमीद नावाचा गडी होता. बार्शीटाकळीकडचा, स्वतःची थोडी जमीन असलेला, वखर हाकण्यात वाकबगार. एका वर्षी पाहुणे आले, पंगतीसाठी मांडव पडला, आणि साहेब सगळ्यांना घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. बिनखताच्या बाजूची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खताच्या बाजूपेक्षा चांगली निघाली. एकदोन बोटांनी नाही, नजरेत भरेल अशी. लोक एकमेकांकडे बघू लागले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ही खताची बाजू, आणि लोकांनी ते मानलंही असतं. साहेबांनी थोडा वेळ दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "येंदा बिनखताचं जास्त आलं बा. कावून आलं, मले नाई माहीत. तुमी डोयानं पाह्यलं. आता खत घ्याचं का नाई, ते तुमचं तुमी पाहा." लोकांनी पोटभर जेवण केलं आणि खत घेतलं नाही.

संध्याकाळी मांडव उतरल्यावर साहेबांनी बिनखताच्या बाजूची माती उकरली. आत शेणखत होतं. हमीद शेजारीच उभा होता. त्यानं नाकारलं नाही.

"घरच्या बैलायचं होतं," तो म्हणाला. "साहेब, दोन भाऊ एका ताटाले बसले, एकाले वाढलं अन् एकाले नाई. रोज वखर घेऊन त्याच्यातूनच जा लागे. माह्यानं पाह्यवलं नाई."

त्यानं शेणखत टाकून वरून वखर फिरवून माती सारखी केली होती, कोणाला दिसू नये म्हणून. साहेबांचा आवाज चढला नाही. "हमीद, हे वावर नाई, तराजू हाये. दया कराची तं घरी कर." दुसऱ्या दिवशी हमीदला प्लॉटवरून काढून पोती भरायच्या शेडमध्ये टाकलं. हमीदला माती सोडून सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं जिवावर आलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या मालकांनी साहेबांनाही तो हंगाम वरूडला संत्रावाल्यांकडे खत विकायला धाडलं. साहेब तक्रार न करता गेले. त्यांच्या दृष्टीनं दोघांनाही योग्य तेच मिळालं होतं.

कारखाना बंद झाल्यावर हमीदनं कापड बाजारात, आमच्या ऑफिसच्या खालीच, चहाची टपरी टाकली. साहेब सकाळ-दुपार त्याचाच चहा घेत. त्या शेणखताचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढलेला मी ऐकला नाही.

कारखान्याची पुढची जागा गोदामवाल्यानं घेतली. मागचा प्लॉट मात्र साहेबांनी मोठ्या मालकांकडून मागून राखून ठेवला होता. दर मृगात ते भाड्याचा ट्रॅक्टर बोलावत आणि दोन्ही बाजू पेरत. अलीकडे ते तूर लावत. कोणी बघायला येत नसे, कारण दाखवायला आता खतच नव्हतं. मी एकदोनदा विचारलं, "साहेब, कशाला?" ते म्हणाले, "तू हिशेब कर."

गाव मूर्तिजापूर रोडकडे पसरत गेलं आणि त्या प्लॉटचं सोनं झालं. जमिनीचे भूखंड पाडून विकणारा एक ले-आऊटवाला धाकट्या मालकांकडे मुंबईला जाऊन पोचला. सौदा ठरला. कागद अकोल्याला आले, साहेबांच्या सहीसाठी. साहेबांनी ते नीट वाचले, टेबलावर ठेवले आणि वर आपलं ढेकूळ ठेवलं.

फोनवर धाकटे मालक शांत होते. "काका, अडचण काय आहे?"

"अडचण काहीच नाई. तुमी वावर पाह्यलं काय?"

"फोटो पाहिलेत. त्यांनी ड्रोननं व्हिडिओ करून पाठवलाय."

"ते त्यानं पाह्यलं," साहेब म्हणाले. "तुमी या. उभं पीक पाहा. मंग विका. मी त्याच क्षणी सही करतो."

धाकटे मालक बरीच वर्षं अकोल्याला आले नव्हते आणि येण्याची त्यांना इच्छा नव्हती. वकिलानं सांगितलं, म्हाताऱ्याला डायरेक्टरपदावरून हटवता येईल, पण वेळ जाईल. साहेबांनी मला एवढंच सांगितलं की तो तुकडा जाऊ नये असं त्यांना वाटतं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, हे एकच. आणि तेही त्यांनी मुंबईला सांगितलं नाही. त्यांचा हिशेब असा होता की जो कोणी येऊन ते वावर बघेल, तो ते विकणार नाही. सांगायची गरजच पडणार नाही.

शेवटी कार्तिकात धाकट्या मालकांची मुलगी आली. आमच्या अमरावतीला आता विमान उतरतं, त्या विमानानं. मी गाडी घेऊन विमानतळावर गेलो. मुलगी तिशीच्या आतबाहेरची, बोलायला साधी, रस्ताभर खिडकीतून बघत होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. तिनं विचारलं, "काका फार चिडलेत का?" मी म्हटलं, "ते चिडत नाहीत. माझं गाव बदलतात." तिला ते कळलं नाही, आणि मी समजावलं नाही.

साहेब प्लॉटवर आधीच येऊन थांबले होते. धुतलेली सफारी, खिसा रिकामा. तूर फुलावर आली होती, दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं. मुलीनं बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी आत शिरली. पार टोकापर्यंत गेली आणि धुऱ्यावरून परत आली. मी साहेबांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा खुलत चालला होता. ती बघत होती, आणि खरोखर बघत होती.

धुऱ्यावर उभं राहून तिनं विचारलं, "काका, यातली आपली खताची बाजू कुठली? मला दोन्ही सारख्याच दिसतायत."

साहेबांचा हात रिकाम्या खिशाकडे गेला. ही मुलगी डोळे उघडे ठेवून बघेल, याची त्यांनी तयारी केली नव्हती.

"सारख्याच हायेत ताई," ते म्हणाले. "आपलं खत संपून लई वर्सं झाले. दुसऱ्याचं खत टाकून आपला प्लॉट कसा म्हणाचा? आता दोन्ही इकून तिकून उपाशीच."

हे मलाही तेव्हाच कळलं.

"मग दरवर्षी दोन बाजू कशासाठी पेरता?"

"तुमच्या आजोबानं पेर म्हून सांगतलं होतं. नोको पेरू म्हून कोणी सांगतलं नाई."

मुलगी हसली, आणि लगेच थांबली. मग म्हणाली, "काका, तुम्ही म्हणत असाल तर मी पप्पांशी बोलते. विकायलाच हवं असं काही नाही." ती मनापासून म्हणत होती. मी साहेबांच्या जागी असतो तर तिथंच हो म्हटलं असतं. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तो तुकडा राहिला असता, असं मला आजही वाटतं.

साहेबांनी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकदा पाहिलं. "तुमी पाह्यलं," ते म्हणाले. "मी सही करतो म्हटलं होतं." गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. मला राग आला. परतताना मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांनीही मला अमरावती म्हटलं नाही की बडनेरा म्हटलं नाही.

तूर निघाली आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. त्याच्या आधी साहेबांनी एका पोत्यात धुऱ्याच्या अलीकडची माती भरून आणली आणि दुसऱ्या पोत्यात पलीकडची. ऑफिसच्या गॅलरीत कोपऱ्यात ती पोती पडून राहिली.

प्लॉटचे आलेले पैसे मुंबईच्या ब्रोकरनं गुंतवले. कुठे गुंतवले त्याचा कागद मला आला तेव्हा मी तो साहेबांना वाचून दाखवला, आणि वाचता वाचता अडखळलो. सगळे पैसे एका खत कंपनीच्या शेअरांत गेले होते. समुद्राकाठचा मोठा कारखाना, देशभर माल जाणारा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाह्याले जा लागन," ते म्हणाले.

मला सुट्टी नव्हती, म्हणून ते एकटे गेले. आल्यावर त्यांनी थोडक्यात सांगितलं. गेट एवढं मोठं की त्यातून आमचा अख्खा कारखाना बाहेर काढता आला असता. झाडांना पाणी होतं. गार्डनं विचारलं, काय पाहिजे? साहेब म्हणाले, तुमच्या कंपनीचे शेअर आमच्याकडं हायेत. तो म्हणाला, खत पाहिजे असेल तर दुकानात मिळेल. साहेबांना त्याचं म्हणणं पटलं. अकोल्याला उतरल्यावर स्टेशनवरून ते तडक कृषी केंद्रात गेले, त्या कंपनीच्या खताचं एक अख्खं पोतं घेतलं आणि हमालाच्या डोक्यावर देऊन दुसऱ्या मजल्यावर आणलं.

"आता हे आपलंच खत झालं," ते म्हणाले. हिशेबानं ते खरंही होतं.

मृगात त्यांनी दोन मोठ्या कुंड्या आणल्या. प्लॉटची माती त्यांत भरली, अलीकडची एकीत, पलीकडची दुसरीत. दोन्हींत सरकी टोबली. एकीत चमच्यानं खत घातलं, दुसरीत नाही. कुंड्यांच्या मधे त्यांनी एक वीट आडवी ठेवली. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, "धुरा नोको काय?" शिपायाला ताकीद मिळाली की पाणी दोन्हींना सारखं, एका पेल्याचा फरक चालणार नाही. त्या पावसाळ्यात मी पुन्हा रोज अमरावती झालो होतो.

खताची पऱ्हाटी झपाट्यानं वाढली. बिनखताची फिकी, किरटी, पानं कडेला पिवळी. साहेब काम करता करता उठून जाऊन दोन्हीकडे बघून येत आणि परत खुर्चीवर बसत. पोळ्याच्या सुमाराला मला वाटू लागलं की किरटी पऱ्हाटी सावरते आहे. पिवळेपणा गेला, नवीन फुटवा आला. मी साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "असन. जमिनीत कस होता." आणि घाईनं दुसरा विषय काढला. घाई हा त्यांचा स्वभाव नव्हता.

खाली हमीदच्या टपरीवर चहा पिताना मी सहज ते बोललो. हमीदनं गाळणी ठोकून चोथा डब्यात टाकला. "साहेब रोज उकळलेली पत्ती नेतात पुडीत बांधून," तो म्हणाला. "काहून नेतात, आपण इचारलं नाई. बडे लोकायचं आपल्याले काय करा लागते." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. ग्लास विसळत होता आणि गालात हसत होता.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मी नेहमीच्या आधीच्या गाडीनं आलो. ऑफिस उघडं होतं. साहेब गॅलरीत पाठमोरे, गुडघ्यावर बसलेले. बिनखताच्या कुंडीतली माती पेनाच्या टोकानं हलकेच उकरून ते पुडीतली पत्ती आत घालत होते आणि वरून बोटांनी माती सारखी करत होते, कोणाला दिसू नये अशी. इतक्या वर्षांत मला त्या माणसाचा आदर वाटला होता आणि वैताग तर कितीदा आला होता. त्या सकाळी मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

ते उठले, वळले, आणि मी दारात उभा दिसलो. त्यांनी कागदाची गोळी करून सफारीच्या खिशात टाकली. आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाह्यलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

"बरं केलं," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.